ठाण्यात सिगार मुरवायची तर आधी पावसाळ्याचं बघा

साडू दुबईहून 25 क्यूबन सिगारचा बॉक्स घेऊन आला आणि म्हणाला, लगेच ओढू नकोस रे, पाच वर्षं ठेव, मग बघ. मी ठेवला. घोडबंदर रोडला खाडीकडे खिडकी असलेला आमचा फ्लॅट, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत कपाट, त्यात लाकडी ह्युमिडॉर (सिगारला ओल राखून ठेवायची पेटी), आणि जुलैत उघडून बघतो तर चार सिगारना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि खाली बारीक भुकटी. त्याच आठवड्यात हिला हळदीच्या डब्यात तांबूस किडे सापडलेले. आम्ही दोघं आपापल्या नुकसानीवरून वेगवेगळी चिडचिड करत होतो, नंतर कळलं की किडा एकच. तंबाखूचा भुंगा हळद, धणे, मिरची सगळं खातो, त्यामुळे पहिली गोष्ट, सिगारचा डबा मसाल्यांच्या आसपास ठेवूच नका.

आता मूळ प्रश्न, ठेवून सिगार सुधारते का? काही सुधारतात, बऱ्याच नुसत्या मऊ पडतात. एक लक्षात घ्या, विकत घेतो तेव्हाच ती बऱ्यापैकी मुरलेली असते. पान वाळवून मग ढीग रचून आंबवतात, त्या ढिगाला पिलोन म्हणतात, आतून चांगला गरम होतो आणि अमोनिया निघून जातो, मग गाठी बांधून पान महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं पडून असतं. निकाराग्वाच्या पाद्रोनची 1964 सिरीज घ्या, त्यात पान किमान 4 वर्षं ठेवलेलं असतं. क्यूबाच्या रिझर्वा नावाच्या खास सिगारमध्ये 3 वर्षं आणि ग्रान रिझर्वामध्ये 5. म्हणजे जे काम तुम्ही कपाटात करायला निघालात ते तिकडे आधीच झालंय. साध्या क्यूबन सिगार मात्र कधीकधी कोवळ्याच बाजारात येतात, म्हणून ठेवायचा नाद मुख्यतः त्यांच्यावरूनच लागलेला आहे.

आणि हलका माल ठेवून भारी होत नाही. जुना आंबेमोहोर मोकळा शिजतो म्हणून रेशनचा जाडा तांदूळ तीन वर्षं ठेवला तर तो आंबेमोहोर होणार आहे का?

मग ठेवायची कुठली? बॉक्समधली एक आजच ओढून बघा. जिभेला झिणझिण्या आल्या, नाकात मुतारीसारखा उग्र वास गेला (तोच अमोनिया), पण त्याच्या मागे कॉफी, कोको, लाकूड असं काहीतरी दमदार लागलं, तर ठेवा. झाडाच्या शेंड्याकडच्या पानांना लिहेरो म्हणतात, ती जाड आणि तेलकट असतात, ती जास्त असलेली कडक सिगार वेळेने गोल होते. फिकट कनेक्टिकट रॅपरची (रॅपर म्हणजे सगळ्यात बाहेर गुंडाळलेलं पान) सौम्य सिगार वर्षभरात ओढून टाका, तिच्यात झिजण्यासारखं फार काही नसतंच. आणि व्हॅनिला वगैरे फ्लेवरवाल्या तर अजिबात ठेवू नका, सुगंध उडतो आणि शेजारच्यांनाही लागतो. क्यूबन बॉक्स असेल तर उलटा करा, बुडाला शिक्का असतो, एने 21 म्हणजे जानेवारी 2021. माझ्या बॉक्सवरच्या शिक्क्याप्रमाणे तो आधीच दोन वर्षं जुना निघाला, साडूची पाच वर्षं तेव्हापासूनच मोजायची होती.

आता ठेवायचं कसं, खरी मारामारी इथेच आहे. पुस्तकी नियम 70 टक्के ह्युमिडिटी आणि 20 डिग्रीच्या आसपास, तो थंड देशांसाठी ठीक, आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच 85-90 असते आणि मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये पारा तिशीच्या वर. 70 च्या वर गेलं की बुरशी, तापमान 25 च्या वर गेलं की भुंग्याची अंडी झपाट्याने फुटायला लागतात आणि तिशीच्या दमट हवेत महिनाभरात पूर्ण वाढलेला भुंगा तयार.

म्हणून लाकडी ह्युमिडॉर दिखाव्याला ठेवा. मी जांभळी नाक्यावरून चार बाजूंनी क्लिप आणि आत रबराची गास्केट असलेला प्लास्टिकचा डबा आणला, धुऊन वास जाईपर्यंत आठवडाभर उघडा ठेवला, आत सिगारच्या बॉक्समधल्या सीडर लाकडाच्या पट्ट्या आणि बोव्हेडा कंपनीची, ह्युमिडिटी 65 टक्क्यांवर धरून ठेवणारी दोन पाकिटं. ही पाकिटं पाणी सोडतात तसं शोषूनही घेतात, पावसाळ्यात ते दुसरं काम जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये डबा महिन्यातून एकदाच उघडायचा, उगाच वास घेत बसायचं नाही.

ह्युमिडिटी मोजायचा हायग्रोमीटर ऑनलाइन मिळतो, पण आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू द्यायचं नाही, झाकण आणि मीटर एका झिपलॉक पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसलं पाहिजे. माझा 81 दाखवत होता, म्हणजे 6 जास्त, आता मी प्रत्येक वेळी 6 वजा करतो.

नवीन सिगार आली की भुंग्याची अंडी मरावीत म्हणून आधी फ्रीजर, बाहेरून आणलेली असेल तर विशेष करून. दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा, घरचा फ्रीजर किती थंड जातो याचा भरवसा नसतो म्हणून मी आठवडाभर ठेवतो, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग एक दिवस बाहेर, तोवर पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटून रॅपर तडकतं. पण कायमची फ्रिजमध्ये ठेवू नका, कोरडी पडते, आणि वर सुकटीचा वास. उन्हाळ्यासाठी छोटा वाईन कूलर 18 वर लावता आला तर उत्तमच, मी अजून घेतलेला नाही, बेडरूमच्या सगळ्यात आतल्या कपाटात खाली डबा ठेवतो.

एक भानगड, पांढरी पूड दिसली की दुकानदार सांगतात हा प्लूम आहे, छान मुरल्याची खूण. बहुतेक वेळा ती साधी बुरशी असते. लोकरीसारखी किंवा हिरवट असेल तर फेकून द्या.

आणि सुधारली की नाही हे आठवणीवर ठरवू नका. वहीत लिहा: तारीख, कशी जळली, वास, कडकपणा. सहा महिन्यांनी दुसरी, वर्षाने तिसरी. मी हिला बँड (सिगारवरची नावाची कागदी पट्टी) काढून एक जुनी आणि एक ताजी द्यायला सांगतो, दोनदा ओळखता आली, एकदा चक्क उलटं सांगितलं. मुरली म्हणून तंबाखूचा त्रास कमी होत नाही हेही तिने त्याच वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

माझ्या बॉक्समध्ये आता 14 राहिल्यात. दीड वर्षात अमोनिया गेला, मिरीसारखा झटका कमी झाला, मधोमध भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी लागायला लागलंय, पण सुरुवातीचा घमघमाट थोडा उतरलाय. पुढची दिवाळीत, साडूसोबत, बँड काढून.