जादूसाठी पत्ते घेताय? देखण्या कॅटच्या मोहात या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका घरी बारसं होतं. जेवणं आटोपली, सतरंजीवर बायकांचं कोंडाळं जमलं आणि मी नवाकोरा काळा कॅट बाहेर काढला. पाठीवर सोनेरी वेलबुट्टी, कडासुद्धा सोनेरी. बाळाच्या पणजीसमोर पत्त्यांचा पंखा धरून म्हटलं, "आजी, एक पान घ्या." आजींनी चष्मा सावरला, पंख्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे जादूचे पत्ते दिसतात. थांब, आमचे आणते." आतून त्या रमीचा कॅट घेऊन आल्या. कोपरे मऊ पडलेले, चौकटच्या नव्वीवर चहाचा डाग. त्या कॅटवर मी दोनच प्रयोग केले, पण त्याला जो "अगंबाई!" मिळाला तो सोनेरी कॅटला कधी मिळाला नव्हता.

तेव्हापासून मला कुणी विचारलं की कोणते पत्ते घेऊ, तर मी आधी हा प्रसंग सांगते. पत्त्यांवर संशय आला की तुमची महिनोन्‌महिन्यांची मेहनत पत्त्यांच्या खात्यात जमा होते. लोक टाळ्या वाजवतात, पण मनात म्हणतात, "पत्त्यांतच काहीतरी आहे." पत्ते निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

व्हिडिओतलं 'स्टँडर्ड' आपल्याकडे स्टँडर्ड असेलच असं नाही

जादू शिकवणारे व्हिडिओ पाहिले की सगळीकडे एकच कॅट दिसतो: बायसिकल रायडर बॅक, लाल नाहीतर निळा, पाठीवर सायकलवर बसलेले देवदूत. बायसिकल हा ब्रँड 1885 चा आणि ही पाठ 1887 पासूनची. अमेरिकेत तो आपल्याकडच्या पोळपाट-लाटण्याइतका घरगुती आहे, म्हणून तिथल्या जादूगाराने तो काढला की कुणाला काही वाटत नाही. नाशिकमध्ये तसं नाही. पंचवटीतल्या किंवा सिडकोतल्या घरात मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन खेळायला जो कॅट असतो तो वेगळा, बऱ्याचदा अरुंद. इथल्या प्रेक्षकांना सायकलवरचे देवदूतही नवेच.

तरीही मी नवशिक्यांना हाच कॅट सुचवते, कारण तो दिसायला साधा आहे. पांढरी कड, एकच रंग, उलटा धरला तरी तीच नक्षी, आणि पुढच्या बाजूला ओळखीचे राजा-राणी-गुलाम. काळ्या-सोनेरी कॅटसारखा तो डोळ्यांत भरत नाही. फक्त पहिला प्रयोग सुरू करण्याआधी तो समोरच्याच्या हातात द्या आणि पिसायला सांगा. नुसतं "बघा, साधे पत्ते आहेत" म्हणू नका, त्याने उलट शंका येते. "जरा पिसून द्या ना" एवढंच म्हणा. दोन मिनिटं पत्ते त्यांच्या बोटांत खेळले की ते त्यांचेच होतात.

घेताना स्वस्तातल्या नकलांपासून सावध राहा. अस्सल कॅटच्या इस्पिकच्या एक्क्यावर अक्षर-आकड्यांचा एक बारीक कोड छापलेला असतो. त्याहून मोठी ओळख म्हणजे हाताला लागणारा पोत: नक्कल गुळगुळीत लागते आणि दहा-बारा वेळा पिसल्यावर पत्ते जुड्याजुड्यांनी सरकायला लागतात.

पान वाचता आलं नाही, तर जादू झालीच नाही

ही चूक खूप होते आणि लक्षात येत नाही. कस्टम कॅटमध्ये कलाकार पुढच्या बाजूवरही हात चालवतो. बदाम जांभळा, चौकट राखाडी, गुलाम कोण आणि राणी कोण ते कळत नाही, कोपऱ्यातला आकडा वळणदार अक्षरात. पत्ते कसून ओळखणाऱ्यालाही एक क्षण थांबावं लागतं. आपल्या प्रेक्षकांत तर किलवर आणि इस्पिक यांत गोंधळणारी माणसं नेहमीच असतात, आणि हल्लीच्या मुलांना ही नावंच माहीत नसतात. अशा माणसाने पान पाहिलं, मनात ठेवलं आणि शेवटी तुम्ही नाट्यमयपणे किलवरची सत्ती उलटवली की तो म्हणतो, "नाही बुवा, माझं ते दुसरं काळं होतं." प्रयोग चुकलेला नसतो, पण सगळ्यांच्या देखत चुकला असं ठरतं.

कॅट घ्यायच्या आधी साधी परीक्षा करा. घरातल्या वयस्कर माणसाला 10 फुटांवर बसवा, संध्याकाळी ट्यूबलाइट लावा आणि दहा पानं एकेक सेकंद दाखवा. दहापैकी एक जरी चुकलं तरी तो कॅट जादूसाठी नको. कार्यक्रमातही पान एकट्याला दाखवू नका, शेजारच्या दोघांना दाखवायला सांगा, आणि मुलं असतील तर "काळा रंग, पाकळ्या-पाकळ्यांचं चिन्ह, आकडा सात" असं मनात म्हणायला लावा. कालिदास कलामंदिरासारखं मोठं सभागृह असेल तर नेहमीच्या आकाराचं पान मागच्या रांगेला दिसणारच नाही. तिथे जम्बो पत्ते हवेत.

पाठ निवडताना काय पाहायचं

पांढरी कड असलेली पाठ आणि कडेपर्यंत नक्षी असलेली पाठ यांत मोठा फरक आहे. कडेपर्यंत रंग असलेल्या कॅटमध्ये एखादं पान उलटं पडलं तर पत्ते किंचित सरकताच वेगळ्या रंगाची रेघ दिसते. पांढरी कड ते झाकून घेते. जे शिकत आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको, आणि जे शिकत नाहीत त्यांना मी तो सांगणार नाही. शिवाय कडेपर्यंत रंगवलेल्या पत्त्यांचे कोपरे घासले की रंग उडून पांढरे ठिपके पडतात. एखाद्या पानाचा कोपरा असा ओळखू यायला लागला की तीक्ष्ण नजरेचा भाचा ते लगेच पकडतो.

दुसरी गोष्ट: कॅट उलटसुलट फिरवून बघा. पाठीवर गणपती, मोर, किल्ला असं एका बाजूने सरळ दिसणारं चित्र असेल तर काही पानं डोक्यावर उभी दिसतील. लोकांनी पिसून दिलेल्या कॅटमध्ये तर नक्कीच. याचा मुद्दाम उपयोग करणारे जाणकार आहेत, पण तुमच्या नकळत असं व्हायला नको.

जोडीचे खास पत्ते मिळणार का?

महागात पडणारी चूक ही. एखाद्या कस्टम कॅटवर मन जडतं, त्यावर सहा महिने सराव होतो, मग एखाद्या प्रयोगासाठी खास बनवलेलं पान लागतं आणि त्या पाठीचं तसं पान जगात कुठेच मिळत नाही. गॅफ पत्ते, म्हणजे प्रयोगासाठी खास छापलेली पानं, बहुतेक करून लाल किंवा निळ्या रायडर बॅकमध्येच बनतात. तुमचा रोजचा कॅट तोच असला तर पुढची दहा वर्षं अडचण नाही.

तिथेही एक खाचखळगा आहे. एकाच कंपनीच्या लाल कॅटचा लाल प्रत्येक छपाईला अगदी तोच नसतो. दोन वर्षांपूर्वीचं खास पान आजच्या नव्या कॅटमध्ये घातलं तर ट्यूबलाइटमध्ये जुळतं, पण लॉनवरच्या लग्नात दुपारच्या उन्हात विटकरी दिसतं. घरी आणल्यावर दोन्ही पानं ओट्याजवळच्या खिडकीत शेजारी धरून बघा. रंग, पांढऱ्या कडेची जाडी आणि कागदाचा पिवळेपणा, तिन्ही जुळायला हवेत. नवं पान फार पांढरं दिसत असेल तर ते कॅटबरोबर आठ दिवस रोज पिसा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

स्वतःचे पत्ते छापून घेताना

वारली चित्रं घातलेला माझ्या नावाचा कॅट असावा, असं मलाही वाटलं होतं. एका छपाईवाल्याकडे 300 जीएसएमच्या आर्ट कार्डावर छापून, वर चकचकीत लॅमिनेशन करून घेतला. दिसायला सुरेख. दोन आठवड्यांत कडेचं लॅमिनेशन सुटायला लागलं. पाठीची पांढरी कड डावीकडे जाड, उजवीकडे बारीक, त्यामुळे पान फिरलं की कळायचं. आणि गणपतीच्या मंडपात उभी राहिले तेव्हा मागे हॅलोजन होता. मी पान उंच धरलं आणि पहिल्या रांगेतला मुलगा ओरडला, "बदाम! बदाम दिसतोय!" उजेड पानातून आरपार येत होता.

नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे कागदाची किंमत इथल्या माणसाला सांगायला नको. पत्त्यांचा कागदही वेगळाच असतो. दोन थर असतात आणि मध्ये काळसर डिंक, त्यामुळे उजेड अडतो आणि वाकवलेलं पान पुन्हा सरळ होतं. व्हिजिटिंग कार्डाचा कागद कितीही जाड घेतला तरी तो असा वागत नाही. छापून घ्यायचेच असतील तर आधी एक पान मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, मग वाकवून सोडा. 52 पानांची थप्पी साधारण 15-16 मिलिमीटर भरायला हवी. ती फार जाड असेल तर मुठीत मावणार नाही. डिझाइनमध्ये पांढरी कड पातळ ठेवू नका, कापताना अर्धा मिलिमीटर सरकलं तरी ती वेडीवाकडी दिसते.

खरं सांगायचं तर अख्खा कॅट छापायची गरज क्वचितच असते. एकच पान छापा. लग्नात नवरा-नवरीच्या नावाचं, वाढदिवसाला मुलाच्या फोटोचं, आणि ते शेवटी निघू दे. लोक ते पान घरी नेतात, फ्रिजवर लावतात. वेगळेपणा तिथे कामी येतो, कारण वेगळं पान हाच प्रयोगाचा शेवट असतो आणि त्यावर कुणाला संशय घ्यायचं कारण नसतं.

असाच आणखी एक सुंदर उपयोग म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. हाताने रंगवलेली गोल पानं. दशावतारी गंजिफेत 10 रंग, प्रत्येकी 12 पानं, एकूण 120. ही पिसण्यासाठी वापरू नका, रंगाला आणि कारागिराच्या मेहनतीला ओरखडे पडतील. पण मत्स्यावताराचं एक पान डबीत आधीपासून ठेवून त्याभोवती गोष्ट गुंफली तर त्या पानाचं वेगळेपणच कामाला येतं.

पत्ते चिकटतात, वाकतात, निसटतात

तक्रारी बहुतेक पावसाळ्यात येतात. जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतलं पाणी ओढतो, कॅट केळीच्या पानासारखा वळतो आणि पंखा जुड्याजुड्यांनी उघडतो. अशा वेळी लोक पहिली गोष्ट करतात ती टाल्कम पावडर लावतात. कृपा करून हे करू नका. तासभर मजा येते, मग घामाने तिचा लगदा होतो आणि कॅट कायमचा जातो. पत्त्यांना लावायची पावडर वेगळी, झिंक स्टिअरेटची, आणि तीही कार्डिस्ट्रीसारख्या, म्हणजे पत्त्यांच्या कसरतीच्या, पंख्याच्या कामाला. रोजच्या प्रयोगाला तिची गरज नाही. कॅट वळला असेल तर वळणाच्या उलट दिशेने हलकेच वाकवा, मग दोन जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा आणि त्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यात. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर कॅट ठेवलात तर मात्र यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. पारा एक आकडी तापमानावर येतो, बोटं कोरडी पडतात, पान पकडीत राहत नाही आणि आपण दोष कॅटला देतो. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी हाताला थोडं ग्लिसरीन किंवा मॉइश्चरायझर चोळा आणि मुरू द्या.

रविवारी मखमलाबाद रोडला मिसळीच्या बेतात जादू करायची असेल तर नवा कॅट नेऊच नका. तर्री लागलेल्या एका बोटाने बावन्न पानं बाद होतात. ओला नॅपकिन आधी पुढे करा, पत्ते मग.

पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते धुता येतात म्हणून काहीजण तेच घेतात. रमीला ते उत्तम, पण जादूला बहुधा फार निसरडे, आणि कागदासारखा बाक धरत नाहीत. फॅरो शफल, म्हणजे एकाआड एक पान गुंफणं, एका बाजूने जमतं आणि दुसरीकडून अडतं, अशी तक्रार असेल तर कॅट उलटा करून बघा. उलटा करताच जमलं तर तुमचा हात ठीक आहे, कंपनीचं पातं दुसऱ्या बाजूने कापतं एवढंच.

हात लहान असतील तर

पोकर आकार 63.5 बाय 88.9 मिलिमीटर, ब्रिज आकार रुंदीला सुमारे 57. उंची जवळपास तीच. माझी बोटं आखूड आहेत, पहिली दोन वर्षं मी पोकर आकाराशी झगडत होते. शिकवणारे म्हणायचे, सवय होईल. झाली, पण तोवर सोडून द्यायची वेळ आली होती. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आणि लहान हातांच्या बायकांना मी आता ब्रिज आकारावर सुरुवात करायला सांगते. घरातला कॅट बऱ्याचदा त्याच मापाचा असतो, म्हणून पाहुणे म्हणून गेलेल्या ठिकाणी "तुमचे पत्ते द्या" म्हणता येतं. फक्त एकच दक्षता: दोन आकारांची पानं एका डबीत कधीही मिसळू नका.

नवा कॅट कार्यक्रमातच फोडणं

सीलबंद कॅट सगळ्यांसमोर उघडला की विश्वास बसतो, हे खरं. पण नवा कॅट फार वेगाने घसरतो आणि पानं ओळीने लावलेली असतात, नवशिक्याची बोटं तिथे दगा खातात. आदल्या रात्री त्याच छपाईचा दुसरा कॅट फोडून अर्धा तास पिसा, म्हणजे उद्याचा घसरडेपणा बोटांना कळेल. पर्समध्ये तिसराही असू द्या, निळा. एखादा आजोबा "लाल नको" म्हणालेच तर.