पीएम किसानचा हप्ता अडकला? या चुका टाळा

हप्ता जमा झाला नाही की बहुतेक जण थेट सेवा केंद्र गाठतात आणि पुन्हा एकदा ई-केवायसी करून येतात. दुखणे दुसरीकडे असेल तर त्याने काहीच साधत नाही. आधी पीएम किसानच्या पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’ उघडा, नोंदणी क्रमांक आणि ओटीपी टाका. क्रमांक हरवला असल्यास आधार किंवा मोबाइल नंबरवरून तो तिथेच सापडतो. पात्रतेच्या रकान्यात तीन नोंदी दिसतात: लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली असणे), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) आणि आधार-बँक सीडिंग (आधार बँकेशी जोडलेला असणे). जिथे ‘नो’ (नाही) लिहिले आहे, तेवढेच दुरुस्त करायचे.

सर्वांत जास्त गोंधळ बँकेपाशी होतो. पासबुकाच्या खात्याला आधार जोडलेला असतो, तरी पैसे येत नाहीत. कारण ही रक्कम खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जाते. एनपीसीआय या बँकांमधील पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत एका आधारापुढे एकाच बँकेचे नाव असते, आणि शेवटी नोंदवलेली बँक आधीचीला बाजूला सारते. सिम घेताना अंगठा देऊन उघडलेले पेमेंट्स बँकेचे खाते आठवते का? हप्ते तिथे साठत असतात आणि इकडे पासबुक कोरे. ‘माय आधार’ पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले की बँकेचे नाव आणि सीडिंग सुरू आहे की बंद, हे कळते. बँक चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा आणि त्यात जुन्या बँकेचे नाव लिहून बदलाचा पर्याय निवडा. नुसती आधारची झेरॉक्स देऊन परत येऊ नका. अनेकदा ती फक्त केवायसीच्या फाइलीत लागते. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा.

लँड सीडिंग ‘नो’ असेल तर ताजा सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयात जावे लागते. इथे एक अट लक्षात ठेवा: जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर हवी. त्यानंतर खरेदी केलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, वारसाने आलेली जमीन मात्र अपवाद. म्हणून लाभार्थी वारल्यावर आधी वारसाचा फेरफार मंजूर करून घ्या, मगच नवी नोंदणी करा. मयताच्या नावावरचे हप्ते घेत राहिल्यास पुढे वसुली लागते. नव्या नोंदणीसाठी फार्मर आयडीही (शेतकरी ओळख क्रमांक) आधीच काढून ठेवा.

पती, पत्नी आणि अज्ञान (18 वर्षांखालील) मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. दोघांच्या नावे वेगवेगळे सातबारे असले तरी हप्ता एकालाच. गेल्या वर्षी आयकर भरलेला असेल, किंवा निवृत्तिवेतन महिना 10,000 रुपये वा जास्त असेल, तरीही अपात्र. वर्ग चारच्या निवृत्तांना यातून सूट आहे.

ई-केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. राबून बोटांचे ठसे झिजले असतील तर अंगठ्याच्या यंत्रापुढे वेळ घालवू नका, पीएम किसानच्या मोबाइल अ‍ॅपमधून चेहरा दाखवून काम होते. आधार आणि नोंदणीतील नावात फरक असेल तर पोर्टलवर आधारप्रमाणे नाव दुरुस्तीचा पर्याय आहे.

‘एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ दिसत असेल तर काहीही करू नका. रक्कम देण्याचा आदेश निघालेला असतो, फक्त थांबायचे असते. या वेळी खाते बदलायला गेलात तर उलट घोळ वाढतो.

नमो शेतकरी महासन्मान निधीसाठी वेगळा अर्ज नसतो, त्याचे लाभार्थी पीएम किसानच्या यादीवरूनच ठरतात. त्यामुळे वरचा अडथळा राहिला तर केंद्राचे 2,000 आणि राज्याचे 2,000, दोन्ही अडकतात. ‘नमोचा फॉर्म भरून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) तर उघडूच नका, तिच्यातून बँकेचे ओटीपी चोरले जातात. शंका असल्यास हेल्पलाइन 155261.