गाडीच्या रिमोटचा सेल घरी बदलताना

कराडला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली काउंटरवर मनगटी घड्याळांच्या जोडीने गाडीच्या किल्ल्याही येतात. "रिमोट गेलाय, नवीन कितीला पडेल?" हा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा रिमोट ठणठणीत असतो, आतला सेल उतरलेला असतो, आणि तो साधारण शंभर रुपयांच्या आत मिळतो. बदलायचं काम कुणालाही घरी जमण्यासारखं आहे. घड्याळजी बसतो तसं बसायचं: टेबल स्वच्छ, उजेड भरपूर, खाली पांढरं कापड म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो, आणि हाताला घाई नाही.

सेल उतरत आल्याची पहिली खूण म्हणजे अंतर कमी होणं. पूर्वी बाल्कनीतून गाडी लॉक व्हायची, आता दाराशी जाऊन दोनदा बटण दाबावं लागतं. अशा वेळी घरातली दुसरी किल्ली घेऊन त्याच जागेवरून दाबून बघा. दुसरी चालली तर गाडी ठीक आहे, पहिलीचा सेल गेलाय. दोन्ही चालत नसतील तर गाडीची मोठी बॅटरी बघा, किल्ल्या उघडत बसू नका. काहीजण टीव्हीच्या रिमोटसारखं मोबाईलच्या कॅमेऱ्यात उजेड दिसतो का ते बघतात. गाडीचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो, आपल्याकडे बहुधा 433 मेगाहर्ट्झच्या आसपास. कॅमेऱ्यात काहीच दिसणार नाही. किल्लीवरचा लाल दिवा लुकलुकला म्हणजे सेल चांगला, असंही धरून चालू नका, कारण तेवढा दिवा उतरलेल्या सेलवरही लागतो.

सेल पूर्ण संपला म्हणून रस्त्यात अडकाल, ही भीती मनातून काढा. किल्ली घालून फिरवायची गाडी असेल तर दार किल्लीनेच उघडा आणि नेहमीसारखी चालू करा. चोरीपासून वाचवणारी चिप किल्लीच्या मुठीत वेगळी असते आणि तिला सेल लागत नाही, गाडीच तिला जवळून वीज पुरवते. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीच्या किल्लीत एक लहान धातूची किल्ली लपवलेली असते. बाजूची खटकी सरकवली की ती बाहेर येते, तिने ड्रायव्हरचं दार उघडायचं. मग सुझुकीच्या गाडीत किल्लीची लॉक बटणाकडची बाजू स्टार्ट बटणाला टेकवून धरायची, ह्युंदाईत किल्लीनेच स्टार्ट बटण दाबायचं. बाकी गाड्यांची पद्धत पुस्तिकेत दिलेली असते. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला आजच दाखवून ठेवा.

आता सेलबद्दल, कारण गडबड जास्त इथेच होते. आधी किल्ली उघडा, जुन्या सेलवरचा नंबर वाचा, मग दुकानात जा. गाडीचं नाव सांगून सेल मागू नका, एकाच गाडीच्या साध्या आणि स्मार्ट (बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीच्या) किल्लीत वेगळे सेल असू शकतात. नंबर वाचायला सोपा आहे. CR म्हणजे लिथियमचा गोल सेल, 3 व्होल्टचा. CR2032 मध्ये 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. CR2025 तेवढाच रुंद, पण 2.5 मिलिमीटर जाड. CR1620 सोळा मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाड. 2032 च्या जागी "दोन्ही तीन व्होल्टचेच, 2025 घाला, चालेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तो बसतो, पण सेलमधून वीज घेणाऱ्या आतल्या धातूच्या पत्र्यावर सैल राहतो. आज चालतो, उद्या खड्ड्यात गाडी आदळली की बंद. त्यात वीजही कमी साठलेली असते. LIR2032 हा चार्ज होणारा सेल 3.6 व्होल्टचा असतो, तो CR2032 च्या जागी घालू नका. आणि मनगटी घड्याळातला छोटा सेल बहुधा दीड व्होल्टचा, त्याचा इथे काही उपयोग नाही.

सेल घेताना एकेक सीलबंद असलेल्या पाकिटातला घ्या, वरची तारीख बघा. बरणीत सुटे सेल एकमेकांवर रचून ठेवलेले असतील तिथून घेऊ नका. ते एकमेकांना टेकून आतल्या आत उतरत राहतात.

घरी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, असेल तर नवा सेल मोजून बघा, 3.2 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा. जुन्याबाबत मात्र मीटरवर फार विसंबू नका. लिथियमचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत 3 व्होल्टच्या आसपास दाखवतो. वय झालं की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज बाहेर यायला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. बटण दाबल्यावर रिमोट क्षणभर जास्त करंट ओढतो आणि तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं. मीटर काहीच ओढत नाही, म्हणून त्याला सेल चांगला वाटतो. रिमोटने टाकून दिलेला सेल याच कारणाने एखाद्या फार कमी वीज खाणाऱ्या घड्याळात पुढे बराच काळ चालू शकतो.

काम सुरू करण्याआधी लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि इथेही तितक्याच कळकळीने सांगतो. 20 मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथल्या ओलाव्यात त्यातून वीज वाहू लागते, तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजू शकतं. रिमोटसाठी संपलेला सेलही हे करू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी शीमधून पडेल म्हणून थांबू नका, उलटी करवू नका. ताबडतोब एक्स-रे आणि लहान मुलांची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे "बटण सेल असू शकतो" हे स्वतःहून सांगा, कारण एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसू शकतो. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरीही हीच घाई करा. नव्या सेलचं पाकीट किल्ली उघडून तयार झाल्यावरच फोडा.

किल्ली उघडायच्या मुख्य तीन तऱ्हा. मारुतीच्या दोन बटणांच्या साध्या किल्लीला एक बारीक स्क्रू असतो. त्याच्या खाचेत नीट बसणारा लहान स्क्रू ड्रायव्हर घ्या, मोठा घेतला तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघता निघत नाही. झाकण उघडलं की आत प्लास्टिकची आणखी एक छोटी डबी मिळते, तीच रिमोट. तिच्या फटीत नाण्याची कड घालून हलकेच पिळलं की ती उघडते. याच वेळी मुठीतून छोटी काळी चिप सुटून पडत नाही ना, इकडे डोळा ठेवा. ती हरवली तर गाडी चालूच होणार नाही. उघडल्या उघडल्या आतला फोटो काढून ठेवा, चिप कुठे होती आणि कशी होती ते कळतं.

ह्युंदाईसारख्या उघडमीट करणाऱ्या किल्लीत पातं आधी बाहेर काढा, मग कडेची खाच शोधा. तिसरी स्मार्ट किल्ली. तिच्यातली धातूची किल्ली काढली की त्या पोकळीतच बहुधा खाच दिसते. दोन्हीकडे पद्धत एकच: सपाट स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला पातळ कापड गुंडाळा, खाचेत घाला आणि ढकलण्याऐवजी पिळा. टक् असा आवाज आला की थांबा, नखाने फट पुढे सरकवत न्या. जोर लावावा लागत असेल तर जागा चुकलीय, जोर वाढवू नका, दुसरी खाच बघा.

आत सर्किटवर पातळ रबराचा पडदा असेल तर तो फाटू देऊ नका, पावसाळ्यात किल्ली त्याच्यामुळेच वाचते. सेल बाहेर काढण्याआधी + ची बाजू वर आहे की खाली ते बघा. काही किल्ल्यांत ती वर असते, काहींत खाली, म्हणून अंदाज चालत नाही. सेल प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने उचला. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या की सेल शॉर्ट होतो, नवाही तिथल्या तिथे थोडा उतरतो. पत्र्यावर पांढरट किंवा हिरवट थर असेल, कोकणातून येणाऱ्या किल्ल्यांत मला तो बऱ्याचदा दिसतो, तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. पाणी नको, तेलाचा फवारा नको. पत्रे खाली दबले असतील तर काडीने केसभर वर उचला, जास्त वाकवलं तर तुटतात.

नवा सेल कडेने धरा. सपाट बाजूंना बोट लागलं तर कोरड्या कापडाने पुसून मग बसवा. मुलांनी तोंडात घातल्यास थुंकावं म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. लेप चांगला आहे, असाच सेल घ्या. क्वचित तो पत्र्याचा संपर्क अडवतो, तेव्हा जिथे पत्रा टेकतो तेवढीच जागा अल्कोहोलने पुसा.

झाकण दाबून बंद करण्याआधी गाडीजवळ जाऊन एकदा बटण दाबून बघा. चालत नसेल तर पहिल्यांदा सेल उलटा तर नाही ना ते पाहा, मग पत्रे. सगळं नीट असूनही चालत नसेल, आणि किल्ली मुलांच्या हातात राहून गाडीपासून दूर खूप वेळा दाबली गेली असेल, तर किल्ली आणि गाडी यांचा दर दाबण्याला बदलणारा कोड मागेपुढे झालेला असू शकतो. तो जुळवायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. पुस्तिका बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला जा. नुसता सेल काढल्याने किल्ली सहसा गाडीला विसरत नाही, त्यामुळे "आता पुन्हा प्रोग्रॅमिंग करावं लागेल" असं कुणी म्हणालं तर आधी या गोष्टी स्वतः तपासा.

बंद करताना कडेने चहूकडून दाबा, फट कुठेही राहू देऊ नका. महिना आणि साल कागदाच्या चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. स्मार्ट किल्ली असेल तर ती गाडीच्या अगदी जवळच्या भिंतीवर टांगू नका. गाडी जवळ असली की अशा काही किल्ल्या तिच्याशी पुन्हा पुन्हा बोलत राहतात आणि सेल लवकर उतरतो.

जुना सेल कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो वेगळा द्यायचा असतो. काढल्याबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे दुसऱ्या धातूला टेकून तापणार नाही. मुलांचा हात पोचणार नाही अशा झाकणाच्या बरणीत ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. जवळ तशी सोय नसेल तर घड्याळाच्या दुकानात विचारा. माझ्याकडे गिऱ्हाइकांचे जुने सेल मी साठवून पुढे देतो, सेल माझ्याकडून घेतलेला नसला तरी आणून द्या.