‘पिक अप’ वापरताना या चुका टाळा

माझा भाचा गोव्यात, पेडण्यात टॅक्सी चालवतो. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमानं उतरू लागली, तेव्हापासून त्याचं इंग्रजी व्हॉट्सॲपवर जोरात चालतं. परवा एका पाहुण्याला त्याने लिहिलं, ‘आय विल पिक यू ॲट सिक्स.’

“मामा, बरोबर आहे ना?”

“म्हणजे सहा वाजता तू त्याची निवड करणार,” मी म्हटलं.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, ‘अप’ गाळण्याची. नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणं, नाहीतर झाडावरून तोडणं. आपल्या बागेतच बघा ना. आंबा झाडावरून काढतो, तो ‘पिक’. काजूचे बोंडू पिकून खाली पडले की वेचतो, ते ‘पिक अप’. फोनचंही तसंच. ‘पिक द फोन’ आपल्याकडे सर्रास बोलतात, पण तिथे ‘पिक अप’ हवं. पाहुण्याला लिहायचं ‘आय विल पिक यू अप’, आणि कुठून तेही लिहायचं. मोपा आणि दाबोळी या गोव्यातल्या दोन विमानतळांमध्ये मांडवी नदी आहे, झुवारीही आहे!

‘यू’, ‘हिम’, ‘इट’ असे छोटे शब्द नेहमी मध्ये बसतात. ‘पिक अप हिम’ चुकीचं, ‘पिक हिम अप’ बरोबर. ‘गेस्ट्स’सारखं नाम असेल तर मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं.

आता अर्थाकडे येऊ. ‘उचलणे’ हा आपला शब्द बराच कामाला येतो, कारण तोही काही कमी नाही. आपण फोन उचलतो, भजनाची चाल उचलतो, कामगार पगारातून उचल घेतो. म्हणून ‘शी पिक्ड अप कोंकणी इन अ सीझन’ चटकन कळतं: एका सीझनमध्ये तिने ऐकून ऐकून भाषा उचलली. पण ‘द विंड इज पिकिंग अप’ म्हणजे वाऱ्याचा जोर वाढतोय, आणि ‘बिझनेस पिक्स अप इन ऑक्टोबर’ म्हणजे पावसाळ्यातला थंडावलेला धंदा पुन्हा चालू लागतो. इथे कोणी काही उचलत नाही. पाहुणा ‘आय विल पिक अप द बिल’ म्हणाला, तर पैसे तो देणार.

‘उचलणे’ला ‘लिफ्ट’ मात्र करू नका. ‘आय विल लिफ्ट यू फ्रॉम द एअरपोर्ट’ वाचून पाहुण्याला वाटेल, हा मला खांद्यावर घेणार. ‘गाडीला पिकअप नाही’ हे मेकॅनिकला सांगायला ठीक, पाहुण्याला ‘द कार इज स्लो टु पिक अप स्पीड’ सांगा.

आणि एक जपून वापरायचं. ‘आय पिक्ड अप अ वुमन ॲट द बार’ म्हटलं, तर ऐकणारा समजतो की तिथे ओळख काढून तिला पटवलं. सरळ ‘पॅसेंजर’ किंवा ‘गेस्ट’ म्हणावं.

हे ऐकल्यावर भाचा गप्प झाला. त्याने मोबाईल काढला, कालचा एक मेसेज शोधला आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबलं.