बँकेच्या नावाने येणारे फसवे मेल : या चुका टाळा

अमळनेरला आमचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, पॅन दुरुस्ती सगळं चालतं, आणि अधूनमधून कोणीतरी मोबाइल पुढे करून विचारतं, "भाऊ, हा मेल बँकेचाच आहे ना?" जे आधी विचारतात त्यांची काळजी नाही. जे आधी लिंक दाबतात आणि मग विचारतात, त्यांच्यासाठी हे.

लोगो बघून विश्वास ठेवणं. लोगो कोणीही बँकेच्या साइटवरून उचलतो, त्याला काय लागतं. स्पेलिंगच्या चुका शोधा हा सल्लाही आता सोडा, एआयकडून कोणालाही शुद्ध भाषेत मेल लिहून मिळतो. खरं सांगू का, काही फसव्या मेलचं मराठी बँकेच्या खऱ्या पत्रापेक्षा बरं असतं.

पाठवणाऱ्याचं नाव वाचणं, पत्ता न वाचणं. नावाच्या जागी काहीही टाकता येतं. जीमेलमध्ये नावाखालचा छोटा बाण दाबला की खरा पत्ता दिसतो. बँकेचं नाव आणि पुढे भलतंच डोमेन (@ च्या पुढचा भाग) दिसलं की विषय संपला.

मेलमधल्या लिंकवरून बँकेत शिरणं. माझं डोकं फिरतं ते इथे.

आमच्याकडे एक नाना येतात, रेल्वेतून रिटायर झालेले, भुसावळला नोकरी केली. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना, आणि हे चोरांनाही माहीत असतं. शनिवारी रात्री नानांना मेल आला, तुमचा दाखला मिळालेला नाही, २४ तासांत अपडेट करा नाहीतर पेन्शन थांबेल. लिंक दाबली, बँकेचं हुबेहूब पान उघडलं, युजर आयडी टाकला, पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला. पान म्हणालं ओटीपी चुकला, परत टाका, तर परत टाकला. पहिला ओटीपी होता नवीन बेनिफिशरी (ज्याला पैसे पाठवायचे तो) जोडायचा, दुसरा होता पैसे पाठवायचा, आणि दोन्ही एसएमएसमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं होतं! नानांनी फक्त सहा आकडे वाचले. थोडी रक्कम गेल्याचा मेसेज त्याच रात्री आला तर म्हणे सोमवारी बँकेत विचारू. रविवारी संध्याकाळी 'बँकेतून' फोन आला, दाखला प्रोसेसमध्ये आहे, अजून एक ओटीपी सांगा, नानांनी सांगितला आणि लाखाच्या वर रक्कम गेली.

सोमवारी सकाळी मी शटर उघडतोय तर नाना पायरीवर बसलेले. म्हटलं, "नाना, अहो मला एक फोन करायचा होता." तर म्हणे, "पेन्शन बंद हुई जाई आसं लिखेल व्हतं ना भो."

आता यातलं समजून घ्या. नवीन बेनिफिशरी जोडला की पहिले काही तास बहुतेक बँका मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. चोर थांबला होता तो त्यासाठीच. शनिवारी रात्रीच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लागला असता तर मोठी रक्कम वाचायला पूर्ण वाव होता. रविवारी बँक बंद असते, खातं ब्लॉक करायची हेल्पलाइन बंद नसते.

माझी सवय साधी आहे. मेल खरा असो की खोटा, त्यातून बँकेत जायचंच नाही. बँकेचं अ‍ॅप उघडायचं, खरंच काही राहिलं असेल तर तिथे दिसेल, नाही दिसलं तर शाखेत जायचं. लोक म्हणतात एवढा वेळ कोणाला आहे, एखादं अ‍ॅप सांगा जे फ्रॉड मेल पकडेल. रील बघायला तासभर असतो आणि बँकेचं अ‍ॅप उघडायला मिनिट नाही! इंजिनिअरिंगच्या पोरांचं तर अजून अवघड, त्यांना वाटतं आपल्याला ओळखता येतं, म्हणून ते लिंक 'फक्त बघायला' उघडतात.

लिंकचा पत्ता वाचायचाच असेल तर एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा, पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून उलटं वाचा. शेवटी जे आहे ते मालकाचं. सुरुवातीला बँकेचं नाव आणि शेवटी 'केवायसी-अपडेट डॉट टॉप' असेल तर ते बँकेचं नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली साइट 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं, आणि हे डोमेन फक्त बँकांनाच मिळतं, म्हणून त्या रेघेआधीचा शेवट तो आहे का बघा. पण तो शेवटच असायला हवा, मध्ये कुठेतरी घुसवलेला चालत नाही.

कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी. नाही. मधे कोणी वाचत नाही एवढाच त्याचा अर्थ, पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसू शकतं.

अटॅचमेंट उघडणं. स्टेटमेंट म्हणून एचटीएमएल फाइल (ब्राउझरमध्ये वेबपानासारखी उघडते ती) आली आणि त्यात बँकेचा लॉगिन पासवर्ड मागितला तर ते लॉगिनचं खोटं पान असू शकतं. एपीके (मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) आली तर हात लावू नका, मग ती व्हॉट्सअ‍ॅपवर मामाच्या नंबरवरून का आलेली असेना.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं. कार्डाच्या मागे छापलेला असतो ना!

लाजेपायी गप्प बसणं. पैसे गेले की लोक घरच्यांपासून लपवतात, पोरगं ओरडेल म्हणून. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं, ग्राहकाने स्वतः पासवर्ड, ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तुम्ही गप्प बसाल तोवर मीटर तुमच्याच खिशातून चालू. आधी बँकेला फोन करून खातं ब्लॉक करा, तक्रार नंबर लिहून घ्या, लगेच १९३० लावा. मेल आणि मेसेज डिलीट करू नका, पुढे लागतात.

आणि नुसती लिंक दाबली, काही भरलं नाही, असं असेल तर बहुधा काही बिघडलेलं नसतं, पान बंद करा. पासवर्ड टाकला असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून लगेच बदला, तोच पासवर्ड ईमेललाही ठेवला असेल (ठेवलेला असतोच) तर तोही. एपीके टाकून बसला असाल तर मोबाइलचं नेट आधी बंद करा आणि बँकेला फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावा.