बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शिफ्टमध्ये मन मशीनवर कसं ठेवायचं

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, एकसारखेच जॉब (सुटे भाग) काढताना तासाभरात हात चालू राहतात आणि डोकं भलतीकडंच जातंय, आणि नेमका तेव्हाच ऑफसेट (मशीनमध्ये भरायचं टूलचं माप) चुकीचा पडतोय बघा.

त्यावर सगळ्यात भारी उपाय म्हणजे बोट दाखवून मोठ्यानं बोलायचं. जपानच्या रेल्वेत मोटरमन सिग्नलकडं बोट करून तो काय दाखवतोय ते मोठ्यानं म्हणतो, 100 वर्षांहून जुनी पद्धत आहे ही. 1994 मध्ये तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं चाचणी घेतली तर साध्या कामातल्या चुका जवळपास 85 टक्के कमी झाल्या. डोळा, हात, तोंड, कान सगळे एकाच कामाला लागले की मन पळणार कुठं? आपण सायकल स्टार्टचं (मशीन चालू करायचं) बटण दाबण्याआधी तेवढंच म्हणायचं, चक (जॉब धरणारी पकड) घट्ट, टूल नंबर 4, ऑफसेट बरोबर, दार बंद. मराठीत म्हणा नाहीतर कन्नडमध्ये, मशीनला काय फरक पडत नाही. शेजारचे हसतील, हसू दे की.

मोबाईल लॉकरमध्ये. खिशात व्हायब्रेटवर पण नको ओ.

सेटिंग चालू असताना कुणी हाक मारली तर कुठवर आलोय ते मार्करनं लिहा, मग जावा, आणि परत आल्यावर अंदाजानं चालू न करता एक पायरी मागनं बघायचं.

रात्रपाळीत पहाटे 3 ते 5 सगळ्यात वाईट, मोजमापाचं बारीक काम जमलं तर त्याआधीच उरका. चहापण पेंग यायच्या आधीच प्या, त्याचा असर यायला साधारण अर्धा तास लागतोय.