रस्त्यात वेगळी गाडी दिसली? नाव घेण्याआधी या चुका टाळा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची सकाळ, जुना मुंबई-पुणे हायवे, लोणावळ्याच्या अलीकडची चहाची टपरी. आम्ही चौघं मित्र गाड्या बघायलाच तिथे जाऊन बसलो होतो. एक गडद हिरवी, उंच स्टेशन वॅगनसारखी गाडी येऊन थांबली. आकार बघून मी लगेच म्हणालो, "सुबारू फॉरेस्टर! बाहेरून आणलेली आहे." जवळ गेल्यावर पुढच्या जाळीवर शेवरलेचं चिन्ह दिसलं, तर मी सांगून टाकलं, "मालकाने बॅज बदललाय." मालक काका शेजारीच चहा पीत होते. ते उठले, दार उघडून धरलं. काचेला चौकटच नव्हती, काच नुसती दारातून वर आलेली. "सुबारूच आहे, बरोबर ओळखलंत," ते म्हणाले. "पण बॅज मी नाही लावला. शेवरलेच्या शोरूममधूनच घेतली, आपल्याकडेच."

खरंच तसं होतं. तेव्हा शेवरलेच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, सुबारूच्या मूळ कंपनीत वाटा होता आणि भारतात फॉरेस्टर शेवरले म्हणूनच विकली गेली. म्हणजे मी आकार बरोबर वाचला आणि पुढचं सगळं मनाने भरलं. गाड्या ओळखताना होणाऱ्या बहुतेक चुका मला याच एका सवयीतून आलेल्या दिसतात. एकदा नाव तोंडातून गेलं की डोळे पुढचं बघायचं थांबतात. मग समोर दिसेल ते सगळं त्या नावात बसवायची धडपड सुरू होते.

बॅज सगळ्यात शेवटी बघा

बॅज हा गाडीचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे. एएमजी, एम, आरएस ही मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडीच्या वेगवान गाड्यांची अक्षरं बाजारात सुटी मिळतात. बीएमडब्ल्यूच्या साध्या थ्री सिरीजला 'एम स्पोर्ट' पॅकेज कंपनीच देते, त्यामुळे मडगार्डवर एम दिसला म्हणजे ती एम-थ्री होत नाही. अलीकडच्या खऱ्या एम-थ्रीची चाकांवरची कमान फुगीर असते आणि मागे चार सायलेन्सर असतात. मर्सिडीजमध्येही 'एएमजी लाइन' म्हणजे फक्त साज, इंजिन साधंच.

लॅम्बोर्गिनीच्या बाबतीत दारं बघा. काउंटाचपासून पुढे कात्रीसारखी वर उघडणारी दारं कंपनीने आपल्या व्ही-१२ (बारा सिलिंडरच्या) सुपरकारना दिली: डियाब्लो, मुर्सिएलागो, अ‍ॅव्हेंटाडोर, रेव्हुएल्टो. गालार्डो आणि हुराकान या व्ही-१० (दहा सिलिंडरच्या) गाड्यांची दारं साध्या गाडीसारखी बाजूलाच उघडतात. त्यामुळे 'हुराकान'चं दार वर गेलं तर समजा, नंतर कोणीतरी बिजागऱ्या बदलल्यात किंवा गाडीच दुसरी आहे. उलट बाजूनेही घोटाळा होतो. दार वर गेलं म्हणून लॅम्बोर्गिनीच, असं आता म्हणता येत नाही. एमजी सायबरस्टर ही इलेक्ट्रिक गाडी २०२५ पासून आपल्याकडे मिळते आणि तिचीही दारं वर जातात. नंबरप्लेट हिरवी दिसली की उलगडा होतो.

अवंतीवर मात्र अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. दिलीप छाब्रियांच्या डीसी या कंपनीची ही दोन दारांची गाडी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत पहिल्यांदा दिसली. रस्त्यावर दिसली की लोक आधी तिला लॅम्बोर्गिनी म्हणतात, आणि तशी नाही हे कळलं की तोंड फिरवतात. इंजिन सीटच्या मागे, बांधणी भारतातली, संख्या अगदी थोडी. अशी गाडी पुन्हा कधी दिसेल? गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मचंही तेच. छोटी, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची, आत रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. बघणारे 'इम्पोर्टेड आहे' म्हणून पुढे जातात.

नंबरप्लेट वाचा, पण तिच्याकडून नको ते वदवून घेऊ नका

'एमएच १२ पासिंग आहे, म्हणजे गाडी पुण्याची' हे वाक्य निम्म्या वेळा चुकतं. गाडी विकली जाते, मालक बदली होऊन जातो, नंबर तोच राहतो. पासिंगवरून पहिली नोंद कुठे झाली एवढंच कळतं. २०२१ पासूनच्या बीएच मालिकेत तेवढंही कळत नाही. तिथे सुरुवातीचे दोन आकडे वर्षाचे असतात, जिल्ह्याचा पत्ताच नसतो.

रंगांचा गोंधळ तर फारच होतो. लाल दिसली की 'टेस्टिंगची गाडी' असं सरसकट म्हटलं जातं. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे गाडी अजून डीलर किंवा कंपनीच्या ताब्यात आहे आणि ट्रेड सर्टिफिकेटवर चालते आहे. नंबरात 'टीसी' दिसतं ते त्याचंच. शोरूममधून गोडाऊनला निघालेली साधी हॅचबॅकही अशा पाटीवर असते. पिवळ्यावर लाल अक्षरं म्हणजे तात्पुरती नोंदणी. हिरव्यावर पांढरी अक्षरं खासगी इलेक्ट्रिक गाडीची, हिरव्यावर पिवळी व्यावसायिक इलेक्ट्रिकची. काळ्यावर पिवळी म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी, आणि निळ्यावर पांढरी म्हणजे दूतावासाची.

मुंबईत आणखी एक फसगत होते. एखादी सुपरकार मागून जाते, पिवळी पाटी दिसते आणि कोणीतरी म्हणतं, "ही टॅक्सी पासिंग कशी?" ती ब्रिटनची पाटी असते. तिथे पुढे पांढरी आणि मागे पिवळी असते. अशा गाड्या 'कार्ने' नावाच्या कागदावर ठरावीक मुदतीसाठी देशात येतात आणि परत जातात. तिकडच्या नंबरातले मधले दोन आकडे वाचायला शिकलात तर गाडीचं वयही कळतं. १८ म्हणजे मार्च २०१८ पासूनची सहामाही, ६८ म्हणजे त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासूनची.

जुनी गाडी किती सालची हे ठरवताना टायरवरून वर्ष काढायची चूकही सर्रास होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, समजा ३२१९. म्हणजे तो टायर २०१९ च्या ३२व्या आठवड्यात तयार झाला. हे वय टायरचं झालं, गाडीचं नव्हे. त्यापेक्षा काच बघा. कोपऱ्यात काच कंपनीच्या खुणेखाली एक छोटा आकडा आणि शेजारी ठिपके असतात. आकडा बहुधा वर्षाचा शेवटचा अंक असतो. एकाच काचेवर विसंबू नका, पुढची काच दगड लागून बदललेली असू शकते. चारही दारांच्या काचांवर एकच आकडा असेल तर भरवसा धरायला हरकत नाही.

लेफ्ट हँड दिसली की 'इम्पोर्टेड' म्हणू नका

चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रेलरवर चढवलेल्या, स्टिअरिंग डावीकडे असलेल्या फोक्सवॅगन व्हेंटो बघून आमच्या एका मित्राने 'जर्मनीहून आलेला माल' म्हणून फोटो काढले होते. तो माल येत नव्हता, जात होता. चाकणच्या कारखान्यातून व्हेंटो मोठ्या संख्येने मेक्सिकोला गेली, आणि तिकडे गाडी उजव्या बाजूने चालते. लेफ्ट हँड गाडी दिसली की आधी विचारा, ती कोणत्या दिशेला चालली आहे आणि हे मॉडेल इथे बनतं का.

काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आत काय आहे?

पुणे परिसरात राहणाऱ्यांचं हे भाग्यच आहे. कोथरूडच्या टेकडीवर गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था, चाकणला महिंद्र, मर्सिडीज, फोक्सवॅगन, पिंपरीला टाटा. बाजारात यायच्या आधीची, ओळखू येऊ नये म्हणून नक्षीदार स्टिकरमध्ये गुंडाळलेली चाचणीची गाडी इथे आठवड्यात एकदा तरी दिसते. आणि तिच्याबद्दल सगळ्यात जास्त चुकीच्या बातम्याही इथूनच निघतात.

पहिली चूक म्हणजे म्यूल आणि प्रोटोटाइप यात फरक न करणं. म्यूलमध्ये नवीन इंजिन किंवा नवीन सस्पेन्शन जुन्याच गाडीच्या बॉडीखाली तपासतात. ती बघून 'नवीन मॉडेल अगदी जुन्यासारखंच दिसतं' असं लिहिणं म्हणजे गोणपाटावरून आंब्याची चव सांगण्यासारखं आहे. प्रोटोटाइपमध्ये बॉडी खरी नवीन असते, पण तिच्यावर खोटे फुगवटे चिकटवलेले असतात. हेडलाइटही कधी कामचलाऊ असतात. म्हणून दिव्यांवरून, बंपरवरून काही ठरवू नका.

लपवायला अवघड असतं ते बघा. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर. पुढच्या काचेचा उतार. मागच्या दाराची लांबी आणि ते चाकाच्या कमानीवर कसं वळतं. चाकाला नट चार आहेत की पाच. आरसा दारावर बसलाय की काचेच्या कोपऱ्यात. मी वहीत आधी हे पाच उतरवतो, चित्र काढता येत नसलं तरी दाराची रेघ काढून ठेवतो. नावाची जागा कोरी सोडतो. दोन-तीनदा तीच गाडी दिसली की जागा आपोआप भरते.

नावांचीही काळजी घ्या. 'सिएरा दिसली' एवढं आता पुरत नाही. १९९१ ची टाटा सिएरा दोन दारांची, मागे मोठी वळलेली काच. २०२५ ची चार दारांची. महिंद्रची बीई ६ नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवली तेव्हा तिचं नाव 'बीई ६ई' होतं. इंडिगो या विमान कंपनीने हरकत घेतल्यावर लगेच डिसेंबरमध्ये ते बदललं. तेव्हा जुन्या फोटोत मागे 'ई' दिसला तर ते वेगळं मॉडेल समजू नका.

फोटोत दिवा अर्धाच का पेटलेला दिसतो?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. गाडी समोर, दिवे झगझगीत, आणि फोटोत एक दिवा विझलेला किंवा पट्टी तुटक. गाडीतही बिघाड नाही आणि मोबाइलमध्येही नाही. अनेक एलईडी दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण शटर वेगाने उघडून मिटलं की नेमका बंद असतानाचा क्षण पकडला जातो. उन्हात शटर आपोआप वेगवान होतं, म्हणून भर दुपारी हे जास्त दिसतं. उभ्या गाडीचा फोटो असेल तर प्रो मोडमध्ये शटर १/६० च्या आसपास आणा आणि हात भिंतीला किंवा खांबाला टेकवा. चालत्या गाडीचे सलग आठ-दहा फोटो घ्या, त्यातल्या एखाद्यात दोन्ही दिवे सापडतात.

दुसरी अडचण नाक फुगलेलं दिसण्याची. मोबाइल गाडीच्या फार जवळ नेला की बॉनेट मोठं आणि मागची बाजू चिमुकली दिसते, आणि मग मित्र प्रमाणावरून मॉडेल चुकीचं ओळखतात. सहा-सात पावलं मागे या, दुपटीचा झूम घ्या, मोबाइल हेडलाइटच्या उंचीवर धरा. एक फोटो अगदी बाजूने, सपाट घ्या. दिसायला तो कंटाळवाणा असतो, पण ओळखायला तोच कामाला येतो.

माणसांशी वागताना

यावर फार लिहायची गरज पडू नये, पण पडते. गाडी चालवताना हातात मोबाइल घेऊन फोटो काढू नका, मागे बसलेल्याला सांगा. एक्स्प्रेसवेवर फोटोसाठी शोल्डरला थांबू नका. गाडी दुसऱ्याची आहे, हात लावण्याआधी विचारा. "रेस द्या ना" म्हणून गाडीला घेराव घालू नका, विशेषतः आत लहान मूल असेल तर. फोटो टाकताना नंबर झाका आणि कोणाच्या सोसायटीचं गेट ओळखू येईल असं काही ठेवू नका. काका-काकू म्हणून दोन शब्द बोललात तर बहुतेक मालक स्वतःच बॉनेट उघडून दाखवतात.

महागडीच्या नादात समोरची निसटते

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी कायमची हद्दपार झाली. त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांमधून मी शेकडो वेळा प्रवास केला असेन. माझ्याकडे तिचा धड एकही फोटो नाही. होता तो वेळ मी मरीन ड्राइव्हवर फेरारीची वाट बघण्यात घालवला, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून हल्ली वेगळी यादी करतो. कल्याणला बनलेली प्यूजो ३०९, फियाट उनो, मारुती १०००, चिंचवडची प्रीमियर रिओ. मागच्या पावसाळ्यात साताऱ्यात एका वाड्याच्या पुढे ताडपत्रीखाली एक चौकोनी गाडी होती. सोबतचा मुलगा म्हणाला, "पद्मिनी आहे." दुसरा म्हणाला, "नाही, रशियन लाडा." चूक समजण्यासारखी होती, कारण लाडा आणि ही, दोन्हींचा मूळ सांगाडा फियाट १२४ चा. मी काही बोललो नाही. आजोबांनी ताडपत्री बाजूला केली, बॉनेटची कळ ओढली आणि धोतराच्या सोग्याने इंजिनावरची धूळ पुसली. "निसानचं आहे," ते म्हणाले. "नावातच आहे बघा. प्रीमियर एकशे अठरा, एन-ई. निसान इंजिन." मग त्यांनी किल्ली आणायला नातवाला आत पाठवलं.